आण्णांना कोलोसियम दाखवायचंय. रोममध्ये चार दिवस, गुडघे रुसलेले. काय बघू, काय सोडू?

फौंड्रीवाला (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ जर्मनीत असतो. त्यानं आण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, मार्चमध्ये पंधरा दिवस बोलावलंय. सोबत मी. वय ७४. भावाचा बेत होता पॅरिस दाखवायचं, स्वित्झर्लंडला बर्फात न्यायचं. आण्णांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते मैदान कुठल्या गावात हाय रं? म्हाराजांनी बघितल्यालं?"

बाहेरच्या लोकांसाठी सांगतो. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले होते. त्या दौऱ्यात रोमचं कोलोसियम त्यांच्या डोळ्यात भरलं आणि तसं कुस्तीचं मैदान आपल्या गावात पाहिजे म्हणून त्यांनी खासबाग बांधलं. १९१२ साली ते पुरं झालं. आमच्याकडं पोरगं लंगोट बांधायला शिकतं तेव्हाच ही गोष्ट त्याच्या कानावर पडते. आण्णा तर तालमीतच वाढले. खासबागेत त्यांनी दोनदा कुस्ती धरली. एक मारली, एक बरोबरीत सुटली. मारलेली आम्ही कधीतरी ऐकतो, बरोबरीत सुटलेली दर दिवाळीला ऐकतो. पंचांनी शिट्टी लवकर मारली असं त्यांचं ठाम मत आहे. कुस्तीत मोडलेले कान अजून मोडलेलेच आहेत. दुर्दैवानं आता गुडघेही.

तर अडचण अशी. सपाटीवर अर्धा किलोमीटर चालतात, मग बसायला लागतं. जिना चढतात, पण उतरताना आडवे होऊन उतरतात. व्हीलचेअर हा शब्द काढला तर जेवण टाकतात.

कोलोसियममध्ये लिफ्ट आहे का? एका एजंटानं माणशी ६५ युरो सांगितलेत, रांग चुकवून आत सोडतो म्हणे. हा भाव बरोबर आहे का? आणि एवढं लांब गेल्यावर रोममधलं आणखी काय बघावं? कृपा करून यादी देऊ नका. "रोममधली पंचवीस प्रेक्षणीय स्थळं" वाचून वाचून डोकं उठलंय. आण्णांना दिवसाला एकच गोष्ट दाखवायची आहे, पण ती मन भरून.

शिरोळची सून

६५ युरो?? त्या एजंटाला म्हणावं तूच जाऊन ये.

आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो. सरकारी संकेतस्थळावर साधं तिकीट १८ युरोला मिळालं. त्यातच रोमन फोरम (जुन्या रोमचा मुख्य चौक, आता अवशेष) आणि शेजारची पॅलेटाईन टेकडीही येते. तिकिटं साधारण महिनाभर आधी खुली होतात आणि भराभर संपतात, म्हणून तारीख लिहून ठेवा. सकाळची पहिली वेळ घ्या. तिकिटावर नाव असतं आणि दारात पासपोर्ट बघतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं घाला. घरात "आण्णा" म्हणता म्हणून तिथं आण्णा लिहू नका (हसू नका, आमच्या ह्यांनी "बापू" लिहिलं होतं). लिफ्ट आहे, वरच्या मजल्यावर नेते. दारावर गुडघ्याला हात लावून दाखवलं की पुरे, भाषेचं अडत नाही.

फोरमबद्दल लोकांना आवडणार नाही असं सांगते. आण्णांना खाली उतरवू नका. खाली दोन हजार वर्षांपूर्वीचे दगडी रस्ते आहेत, एक चिरा वर एक खाली, धडधाकट माणसाचा पाय मुरगळतो. कोलोसियमपासून व्हेनेत्सिया चौकाकडं जाणारा रुंद सपाट रस्ता आहे, व्हिया देई फोरी इम्पेरियाली. मुसोलिनीनं १९३२ साली जुनी वस्ती पाडून, फोरमांच्या अंगावरून तो काढला. पाप त्याचं, सोय आपली. त्या रस्त्याच्या कठड्यावरून बराचसा फोरम उभ्या उभ्या दिसतो. तिथूनच पुढं ट्राजनचा स्तंभ आहे, इसवी सन ११३ चा. त्याच्याभोवती लढाईची चित्रं गोल गोल वर चढत जातात. सासरे तिथं अर्धा तास मान वर करून उभे होते.

शहरातले जुने रस्ते काळ्या चौकोनी दगडांचे आहेत. त्यांना साम्पिएत्रीनी म्हणतात. बघायला सुंदर, पण गुडघ्याला शिक्षा. बूट जाड तळव्याचे घ्या. चौकाचौकात लोखंडी नळ चोवीस तास वाहत असतात, पाणी थंडगार आणि पिण्याचं. तोटीचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, वाकायला लागत नाही. ही युक्ती मला एका रोमन आजीनं शिकवली. ६४ नंबरच्या बसमध्ये पाकीट पुढच्या खिशात ठेवा. स्पॅनिश जिन्यावर दमून बसू नका, दंड करतात. त्रेवी कारंजं बघायचं तर उजाडताना, नंतर फक्त लोकांच्या पाठी दिसतात.

आता दुसरी गोष्ट. एकच सांगायची तर पँथिऑन, घुमटाचं जुनं रोमन देऊळ. मी शिरोळ तालुक्यातली, खिद्रापूर माझ्या माहेरपासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या कोपेश्वराच्या देवळाचा स्वर्गमंडप लहानपणापासून बघतेय. अठ्ठेचाळीस खांब आणि वर मधोमध उघडं गोल आभाळ. पँथिऑनमध्ये शिरले, वर बघितलं, आणि खरं सांगते, पहिला शब्द तोंडातून "अगं बाई, खिद्रापूर!" असा आला. घुमटाच्या टोकाला तसंच गोल भोक, पाऊस सरळ आत. फरक इतकाच की आपल्याकडं खांबांनी ते आभाळ तोललंय आणि तिकडं खांबच नाहीत. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक पुरा चेंडू मावेल. हेड्रियन बादशहाच्या वेळचं, इसवी सन १२५ च्या आसपासचं बांधकाम. लोखंडी सळी न घालता ओतलेला एवढा मोठा काँक्रीटचा घुमट जगात दुसरा नाही. दारावर मात्र "अग्रिप्पानं बांधलं" असं कोरलंय, कारण आधीची इमारत त्याची होती आणि हेड्रियननं पाटी बदलली नाही. आपल्याकडं मुतारीवरसुद्धा नगरसेवकाचं नाव असतं. आम्ही गेलो तेव्हा ५ युरो तिकीट होतं, पायऱ्या जवळजवळ नाहीतच, आत बसायला बाकं आहेत. तुमच्या आण्णांसाठीच बांधलंय म्हणा ना.

व्हॅटिकनची म्युझियमं सोडा. आत मैलभर चाल आहे आणि गर्दी अंबाबाईच्या नवरात्रातली. सेंट पीटरचा चौक बाहेरून बघा.

टाऊनहॉलचा पहारेकरी

सूनबाईंनी उत्तम लिहिलंय, त्यात भर घालतो.

रोमला जाण्याआधी रोम कोल्हापुरात बघून जा. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४०च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा सातवाहन काळच्या थरांत काशाच्या वस्तू सापडल्या. त्यात पोसायडन या समुद्रदेवाची छोटी मूर्ती आहे. ती रोमन जगातून व्यापाराच्या वाटेनं इथवर आली. सध्या ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. गावातल्या दहांपैकी नऊ जणांनी ती बघितलेली नसते, कारण टाऊन हॉलच्या बागेत आपण भेळ खायला जातो.

दुसरं. चार दिवसांतला एक दिवस काढा आणि रोमहून फ्लोरेन्सला जा. वेगवान रेल्वेनं दीड तास. तिथं आपल्या गादीच्या राजाराम महाराजांचं स्मारक आहे. हे शाहू महाराजांच्या आधीचे. राजाराम कॉलेजचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते. १८७० साली ते इंग्लंडला गेले. रोजनिशी लिहायचे, ती पुढे कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ साली छापून काढली. परतीच्या वाटेवर फ्लोरेन्समध्ये आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते वारले. वय वर्षे वीस.

लोक रोमची स्मारकं विचारतात, "राजधानीत काय बघावं" म्हणतात. त्या दिवशी इटलीची राजधानी फ्लोरेन्सच होती, १८६५ ते १८७१. रोम इटलीच्या सैन्यानं घेतलं तेच मुळी १८७० च्या सप्टेंबरात, महाराज जाण्याआधी दोन-सव्वादोन महिने. दहनाची चाल त्या मुलखात नव्हती. खास परवानगी काढून, कासीने नावाच्या बागेच्या पार टोकाला, जिथं मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते त्या संगमावर, आपल्या रीतीनं अग्नी दिला. १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली. खाली फेटा बांधलेला अर्धपुतळा आहे, रंगवलेला. तो चार्ल्स फ्रान्सिस फुलर या शिल्पकारानं घडवला. चार बाजूंना चार भाषांत मजकूर. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. नाव ओळखीचं वाटतंय? आपला टाऊन हॉल त्यांचाच. नवा राजवाडाही त्यांचाच. म्हणजे फ्लोरेन्समधली ती छत्री आणि आपला टाऊन हॉल ही सख्खी भावंडं.

तिकडची माणसं त्या जागेला नुसतं "इंदियानो" म्हणतात. १९७०च्या दशकात शेजारी आर्नोवर मोठा पूल झाला, त्याचं नावही त्यावरूनच. रोज हजारो गाड्या कोल्हापूरच्या राजाच्या नावावरून जातात आणि त्यातल्या बहुतेकांना कोल्हापूर माहीत नसतं.

सूचना: बाग तीन किलोमीटरहून लांब आहे आणि स्मारक पार शेवटाला. ट्राम बागेच्या शहराकडच्या तोंडाशी सोडते. आण्णांना तिथून चालवू नका, टॅक्सी करा.

जाता जाता, शाहू महाराज १९०२ साली परदेशात होते तेव्हाच पन्नास टक्के राखीव जागांचा जाहीरनामा निघाला, २६ जुलैला. लोकांना त्या दौऱ्यातून फक्त खासबाग आठवतं म्हणून लिहिलं.

तांबडापांढरा

बाकी सगळं ठीक. चटणी नेताय ना? दोन डबे न्या. चौथ्या दिवशी आण्णा पास्त्याकडं बघून "ही शेवयाची खीर गोड कशी न्हाई" विचारणार.

टेस्टाच्यो नावाचा भाग आहे, तिथं फुटक्या रांजणांची टेकडी आहे. खरंच टेकडी, ३५ मीटर उंच. जहाजानं ऑलिव्हचं तेल यायचं, रिकामे रांजण फोडून शिस्तीत रचत गेले. आपल्याकडं झूम या कचरा प्रकल्पातला कचरा हलत नाही, तिकडं कचऱ्याचं स्मारक झालंय. चढू नका, खालून बघा आणि शेजारी जेवा.

फौंड्रीवाला

सगळ्यांचे आभार. फ्लोरेन्सचं आण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, म्हणाले, "मग तितं पैल्यांदा." शेवटी तारखा जुळेनात, म्हणून शेवटच्या दिवशी ठेवलंय. परत आल्यावर लिहितो.

फौंड्रीवाला (साडेतीन आठवड्यांनी)

आलो परत. लिहितो म्हटलं होतं म्हणून लिहितोय, लांबलंय.

कोलोसियम. सूनबाईंनी एवढं बजावूनही मी घोळ घातलाच. पासपोर्टवर आण्णांच्या नावापुढं आजोबांचंही नाव आहे, मी फक्त पहिलं नाव टाकलं. दारावरचा रखवालदार एकदा कागद बघतोय, एकदा पासपोर्ट, एकदा आण्णांचं तोंड. मला घाम फुटला. मग त्याची नजर आण्णांच्या कानांवर गेली. त्यानं विचारलं, "लोत्ता?" मला काही कळेना. त्यानं दोन्ही हात पुढं करून खडाखडी घेतल्यासारखं केलं. आण्णांनी मान हलवली. त्यानं टोपी सारून आपला डावा कान दाखवला. मोडलेला! "रग्बी," म्हणाला, आणि सोडलं आम्हाला. रग्बी ही इटलीतली कुस्ती आहे असा आण्णांचा आता पक्का समज आहे आणि मी तो दुरुस्त केलेला नाही.

लिफ्टनं वर गेलो. कठड्याशी उभे राहून आण्णांनी खाली बघितलं आणि पहिलं वाक्य काय असावं? "आरं, ह्यचा हौदाच उकारलाय की!"

हौदा म्हणजे मधली कुस्तीची जागा. खरं आहे ते. इथली मधली लाकडी जमीन कधीच गेली. खाली तळघराच्या भिंती नुसत्या चक्रव्यूहासारख्या उघड्या पडल्यात. एका टोकाला थोडी जमीन नव्यानं घातलीय. तळघरातून जनावरं दोरांनी ओढून पिंजऱ्यासकट वर आणत. आणि त्या लाकडावर वाळू पसरत, लॅटिनमध्ये वाळूला अरेना म्हणत, त्यावरून मैदानालाच अरेना म्हणायला लागले. हे मी त्यांना सांगितलं. आमच्याकडं हौद्याची लाल माती चाळून त्यात हळद, ताक, लिंबू, तेल, कापूर घालतात. ती माती अंगाला लागली तर बरी असते. आण्णा म्हणाले, "वाळूत कोण कुस्ती धरतंय? अंग सोलून निघंल." मी म्हटलं, वाळू रक्त शोषायला टाकायचे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हाराजांनी बसायची जागा तेवढी घेतली. बाकीचं हितंच ठिवलं. बरं क्येलं."

थोड्या वेळानं आणखी एक काढलं. "हे गोल न्हाई." बरोबर. ते लंबगोल आहे, १८८ मीटर बाय १५६. "टोकाला बसल्याला काय दिसणार? आपलं गोल हाय. म्हाराजांनी चूक दुरुस्त केली." दोन हजार वर्षांत कोलोसियमवर ही टीका कुणी केली असेल असं वाटत नाही.

मला स्वतःला काय बघावंसं वाटलं ते सांगतो, धंद्याचा गुण. बाहेरच्या दगडांवर सगळीकडं खड्डे आहेत, देवीचे व्रण असावेत तसे. चिऱ्याला चिरा जोडायला लोखंडी आकडे बसवले होते, अंदाजे ३०० टन लोखंड. मध्ययुगात लोकांनी दगड फोडून ते काढून नेलं. म्हणजे भंगारवाले तेव्हाही होते, आणि त्यांना भाव चांगला मिळत असणार, नाहीतर एवढी मेहनत कोण घेतंय. कमानींवर दारांचे नंबर अजून दिसतात, रोमन आकड्यांत. एकूण ८० दारं. प्रेक्षकाच्या हातातल्या बिल्ल्यावर दाराचा नंबर असायचा. इसवी सन ८० मध्ये टायटस बादशहानं उद्घाटनाला शंभर दिवस खेळ लावले होते. आमच्याकडं एका रात्रीच्या मैदानाला पास वाटताना मारामाऱ्या होतात.

पँथिऑनला आम्ही गेलो तेव्हा पाऊस होता. हे नशीबच. वरच्या भोकातून पाण्याचा एक खांबच्या खांब आत उतरत होता, खाली दोरी लावून जागा मोकळी ठेवलेली. जमीन मधे किंचित फुगीर आहे आणि तिला बारीक भोकं आहेत, पाणी कुठं गेलं ते कळतही नाही. आण्णा बाकावर बसून तेच बघत होते. खिद्रापूरचं मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाले, "कोपेश्वर." सूनबाई, तुम्ही जिंकलात. मी मात्र घुमटाकडं मोल्डिंगवाल्याच्या डोळ्यानं बघत होतो. खाली काँक्रीटमध्ये जड दगड घातलाय, वर जाईल तसा हलका, टोकाला प्यूमिस, जो पाण्यावर तरंगतो. जाडी तळाशी सहा मीटरच्या वर आणि भोकाशी सव्वा मीटरच्या आसपास. आम्ही पस्तीस किलोचा माल ओततो आणि त्यात पोकळी निघते.

त्रेवी, टेस्टाच्यो वगैरे भावानं आणि मी आळीपाळीनं बघितलं. आण्णा हॉटेलात झोपले. चटणीचे दोन्ही डबे संपले.

फ्लोरेन्स. स्टेशनवरून टॅक्सी केली, ड्रायव्हरला "इंदियानो" एवढंच म्हटलं, त्याला कळलं. बागेच्या टोकाला झाडी, पळणारी माणसं, कुत्री घेऊन आलेल्या बायका. पुलावरच्या गाड्यांचा आवाज सतत. आणि मधेच ती छत्री. टाऊन हॉल रोज बघणाऱ्याला परकी वाटत नाही, एवढं खरं. आण्णांनी बूट काढायला घेतले. बाकावर बसून, एक गुडघा धरून, एकेक नाडी सोडत. मी वाकलो तर मला हातानं बाजूला केलं. चार-पाच मिनिटं गेली असतील. टॅक्सीचं मीटर चालू होतं आणि मी, लाज वाटते सांगायला, मीटरकडं बघत होतो. मग ते मोज्यांवर ओल्या गवतातून पुढं गेले आणि महाराजांच्या समोर उभे राहिले. पुतळ्याचं तोंड फार कोवळं आहे. मला वाटलं होतं राजा म्हणजे मिशा, दरारा. हा तर कॉलेजातला पोरगा.

आण्णा म्हणाले, "ईस वर्साचा व्हता?" मी हो म्हटलं. "ईस वर्साचा असताना मी खासबागेत लडलो." नेहमीची गोष्ट सुरू होणार असं वाटलं, पण शिट्टीपर्यंत आले नाहीत. संगमाकडं गेले, काठावर उभे राहिले, हात जोडले. मार्चमध्ये पाणी बऱ्यापैकी असतं, मातकट.

जाणाऱ्यांसाठी: आलेली टॅक्सी सोडू नका, थांबवून ठेवा. तिथून परतीला वाहन मिळणं अवघड आहे.

आता पहारेकरी साहेबांना एक विचारायचं आहे. पोसायडन राहिलाय. जाण्याआधी बघा म्हणाला होतात, जमलं नाही. रविवारी नेतो म्हटलं तर आण्णांनी विचारलंय, टाऊन हॉलला पायऱ्या किती आहेत आणि लिफ्ट आहे काय?